कुलूप ओढून पाहिलंत ना?

शेअर रिक्षात बसले होते. गोखले रोडला नेहमीची कोंडी, डोक्यावर दुपारचं ऊन. फोनवर मेसेज पाहिला, बाजूचं बटण दाबलं, फोन पर्समध्ये टाकला. मग परत बाहेर काढून लॉक झालाय ना ते पाहिलं. झाला होता. होणारच होता, तो आपला आपणच होतो. शेजारी कानात पांढरी बोंडं घातलेला एक मुलगा बसला होता, त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

त्याला काय माहीत, मी कुलूप ओढून पाहणाऱ्यांच्या घरातली आहे ते.

मे महिन्यात कोकणात जायचं तर आमचं नौपाड्यातलं घर सोडणं हाच एक सोहळा असायचा. दूधवाल्याला सांगून झालेलं, रेग्युलेटर काढून ठेवलेला, माठ पालथा घातलेला. बाबा कडी घालायचे, कुलूप लावायचे आणि मुठीत धरून जोरात खाली ओढायचे. खट्, खट्, खट्. शेवटच्या खट्‌नंतर आम्ही पिशव्या उचलायच्या आणि जाता जाता किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची. एवढं करूनही खोपटच्या स्टँडवर गाडी लागली की आईचा प्रश्न ठरलेला, "अहो, कुलूप ओढून पाहिलंत ना?" एका वर्षी बाबा खरंच रिक्षा करून परत गेले. मी आणि ताई ट्रंकेवर बसून कंडक्टरला "येतायत, येतायत" करत राहिलो. बाबा आले ते घामाने निथळत, पण चेहरा एकदम प्रसन्न. म्हणाले, "लागलेलं होतं."

फोनला ओढायला काही नाही, ही माझी खरी तक्रार. हिरवी खूण दाखवून सगळं सुरक्षित असल्याचं सांगतो, पण हाताला खट् लागत नाही.

गंमत म्हणजे अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा धंदा सुरू केला तो १८९७ साली, आणि बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय कलकत्त्यात निघालं तेही त्याच वर्षी. ठशांची वर्गवारी बसवताना डोकं झिजवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, पद्धतीला नाव लागलं एडवर्ड हेन्री साहेबांचं. असो. तेव्हा चोर पकडायला घेत ते ठसे, आता त्यांनी जगभरचे फोन उघडतात. आमच्या आईचा सोडून. नारळ खवता खवता फोन वाजून थांबतो, ती बोट पदराला पुसते, टेकवते, परत पुसते, परत टेकवते. वयाने आणि कामाने बोटावरच्या रेषा झिजतात, त्यात बोट ओलं. "मेल्याला रोज सांगायचं का, मी कोण ते?"

म्हणून मग पिन. तो तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाखाली लिहून ठेवलाय. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पुढे 'बेबीमावशी' असं लिहिलंय. चार आकडी फोन नंबर असलेली बेबीमावशी आमच्या नात्यात नाही. पण मला ती जागा वाईट वाटत नाही. कुठल्या परदेशात बसलेला चोर आमच्या स्वयंपाकघरात येऊन कॅलेंडर उलटून बघणार आहे थोडाच!

त्यापेक्षा आमच्या ऑफिसचा दंडक बघा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, एखादं चिन्ह हवं. सगळं ऑफिस शेवटचा आकडा एकाने वाढवतं आणि कामाला लागतं. हा ताप २००३ सालचा. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेसाठी बिल बर नावाच्या गृहस्थांनी तशी शिफारस लिहिली होती. २०१७ साली त्यांनी स्वतःच त्याबद्दल खंत बोलून दाखवली, संस्थेनेही त्याच वर्षी ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. आमच्या ऑफिसपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

बाबांना मात्र ओढायला काहीतरी मिळालंय. स्टेंट बसल्यापासून ताईने त्यांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलंय. पहिल्या दिवशी ते घड्याळ जरासं उचलून खालच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे कितीतरी वेळ पाहत होते. हिरवाच का, म्हणाले. रक्त लाल, ते हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जास्त, परत येणारा उजेड कमी. त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. बाबांना हे फार पटलं. तेव्हापासून पट्टा इतका घट्ट आवळतात की संध्याकाळी मनगटावर वळ असतो.

सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या. दहा हजार पावलं झाल्याशिवाय घरी यायचं नाही. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरकडून आलेला नाही; १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून तो आला. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. चालतायत तर चालू देत.

पण ठोके! पेपर वाचताना, चहा गाळताना, मालिका चालू असताना मनगट वर, बटण, आकडा. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी या. हे दिवसभर ओढून पाहतात. परवा जेवता जेवता म्हणाले, "बहात्तर." आईने ताटातून मान वर केली नाही. "बरं मग?"

"मग काही नाही. बहात्तर आहेत."

ताई म्हणाली, "आई, तुलाही घेऊया एक."

"नको गं बाई. उगाच काहीतरी कळेल."

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. नंतर आईनेच बाबांना कोथिंबीर आणायला पिटाळलं. म्हणाली, तेवढीच पावलं होतील.