होगा, पण कधी होगा?

नाशकात समुद्र नाही, तरी गेल्या पावसाळ्यात मी टगबोटीचं, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीचं, मॉडेल बांधायला घेतलं. अमेरिकन नौदलाची ‘होगा’. तशी ती स्वतःही आता समुद्रावर नाही. २०१५ पासून अमेरिकेतच अर्कान्सॉ नदीवर, नॉर्थ लिटल रॉक शहराच्या संग्रहालयात असते. नाव कळल्यापासून घरात एकच प्रश्न, “कधी होगा?” सू या अमेरिकन आदिवासींच्या भाषेत त्याचा अर्थ मासा, पण ऐकतो कोण!

खरी बोट साधारण १०० फुटांची. शंभरपट लहान केली की ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतली पट्टी. सागवान मिस्त्रींनी तासून दिलं, पितळी तार भांडीबाजारातून आणली, नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, दोरखंडाची गादी सुतळीची वळली. बादलीत सोडली तर लगेच आडवी. आमच्या नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगची शिशाची वजनं आणून तळाला एम-सीलने बसवली, तेव्हा सरळ झाली.

मग छतावर आग विझवायच्या पाण्याच्या तोफा लावल्या, आणि लक्षात आलं की माझी बोट कुठल्याच एका सालातली नाही. रंग नौदलातला, तोफा नंतरच्या, ओकलंड बंदरातल्या! जो फोटो मिळेल तो बघून करत गेलो होतो.

होगा मे १९४१ मध्ये सेवेत आली आणि हवाई बेटांवरच्या नौदल तळावर, पर्ल हार्बरला गेली. काम धक्क्यावरच्या हमालाचं: मोठी जहाजं ढकलायची, ओढायची. ७ डिसेंबरला जपानी बॉम्ब पडले आणि हमालाचा बंबवाला झाला. जळत्या ‘ॲरिझोना’ युद्धनौकेला खेटून उभी असलेली दुरुस्तीची नौका ‘व्हेस्टल’ तिने ओढून बाजूला काढली. ‘नेवाडा’ युद्धनौका बुडून बंदराची वाट अडवील म्हणून दुसऱ्या एका टगबरोबर तिला ढकलत पलीकडच्या काठाला नेऊन टेकवली. मग दोन दिवस आगीवर पाणी. १९४८ मध्ये नौदलाने ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंड बंदराला अग्निशमनासाठी दिली (आगबोट म्हणावं तर मराठीत ती वेगळीच). तिथे पंप वाढले, तोफा वाढल्या. नौदलाकडे परत आली १९९४ ला. म्हणजे फोटो ४६ वर्षांचे ओकलंडचे, आणि मला हवी होती त्याआधीची सात वर्षं.

मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, “भाऊ, आमच्या गावात एक जीप होती. आधी सरकारी, मग दूधवाल्याची. दूधवाल्याच्या जीपवर दिवा लावून चालंल का?”

नाही चालणार. मी ८ डिसेंबर १९४१ ची सकाळ ठरवली. जास्तीच्या तोफा उपटल्या, भोकं लांबी (पुट्टी) लावून बुजवली. नवा कोरा करडा रंग खोटा वाटत होता, म्हणून समईची काजळी बोटाने चोळली. ही मात्र बायकोची सूचना, आणि अख्ख्या बोटीत तेवढंच मला खरं वाटतं.

उपटलेल्या तोफा काडेपेटीत ठेवल्यात. सागवानाचा अजून एक तुकडा मिस्त्रींकडे पडून आहे.