काळं लुगडं आणि अडीच मीटर

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. "रोबो दुपारी उगाच थांबतोय. येऊन तेवढं फील्ड बारीक करून द्या."

पॅकिंगच्या टोकाला खोकी पॅलेटवर रचणारा तो रोबो. रिकामी पॅलेट आत ढकलायला माणसं समोरूनच जातात, म्हणून त्या बाजूला जाळी नाही. जमिनीपासून 30 सेंटीमीटरवर बसवलेला लेझर स्कॅनर त्यांची राखण करतो. बाहेरच्या पट्ट्यात पाय पडला की रोबो मंदावतो, आतल्या पट्ट्यात, म्हणजे ज्याला फील्ड म्हणतात त्यात, पडला की थांबतो.

मी पोचलो तेव्हा पाळी बदलत होती आणि पोरं कॉम्प्रेसरची हवा मारून मशीन साफ करत होती. उन्हाच्या तिरिपेत तूस तरंगत होतं, स्कॅनरची काच करडी पडली होती. काच पुसली, हवा मारणं बंद करायला लावलं. तरी अधूनमधून तुसाचा पुंजका आला की रोबो थांबेच. त्यावर उपाय आहे. स्कॅनरला सांगायचं की दोन नाही, लागोपाठ चार फेऱ्यांत काही दिसलं तरच थांबव. पुंजका तोवर निघून जातो. पण एक फेरी 40 मिलिसेकंदांची, म्हणजे स्कॅनरचा प्रतिसाद 80 वरून 160 वर जातो. तेवढ्या वेळात माणूस चालतच असतो.

फील्डला हात लावण्याआधी रोबोला थांबायला किती वेळ लागतो ते मोजलं. बसवताना नोंदवलेला आकडा होता 0.40 सेकंद. आता आला 0.62. रोबो आधी एकेक खोकं उचलायचा, मधल्या काळात दोन-दोन उचलायला लागला होता. वजन वाढलं की थांबायला वेळ लागणारच. फील्ड मात्र जुनंच, 2.05 मीटर. त्या आकड्याने माझ्या पोटात गोळा आला. इतके दिवस माणसं तिथून ये-जा करत होती.

यंत्रापासून माणूस किती लांब हवा ते ठरवणारं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ 13855. त्यात चालत्या माणसाचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरतात. स्कॅनर, कंट्रोलर आणि रोबो मिळून 0.82 सेकंद, म्हणजे 1312. स्कॅनरच्या उंचीपोटी 1080 आणि मोजमापातल्या चुकीसाठी 100 मिळवले. जवळजवळ अडीच मीटर.

मॅनेजर म्हणाले, "साहेब, कमी करायला बोलावलं, तुम्ही वाढवताय? ट्रॉलीचा रस्ताच जाईल की ओ!" मी ऐकलं नाही. दोन तास वाद झाला. शेवटी रस्ता रॅकच्या पलीकडून न्यायचं ठरलं, आणि नवी पिवळी पट्टी मारताना दोरीचं एक टोक त्यांनीच धरलं.

पॅलेट ढकलणाऱ्या मावशी बाजूला उभ्या राहून सगळं बघत होत्या. नेसूचं लुगडं काळं. त्यांनी विचारलं, "काळं दिसतं का ओ त्याला?" इतका नेमका प्रश्न मला कुणी इंजिनिअरनेही विचारला नव्हता. काळा रंग प्रकाश गिळतो, म्हणूनच तपासणीची दांडी 70 मिलिमीटर जाड आणि जेमतेम 1.8 टक्के प्रकाश परतवणारी, मिट्ट काळी असते. ती दांडी मी फील्डच्या कडेने सगळीकडे फिरवली. रोबो दरवेळी थांबला.

"दांडकं दिसतंय. मी दिसते का ते बगू की."

रोबोपासून लांबच, पट्टीवरून त्यांनी एक पाऊल आत टाकलं. दोन खोकी हवेत धरून रोबो जागच्या जागी थांबला.

"उद्या बी थांबंल न्हवं?"

मी दांडी त्यांच्याच पाळीकडे ठेवली. रोज काम सुरू होताना ती फिरवायची आणि वहीत सही करायची. वहीतली पहिली सही मावशींची आहे.