पोहायला येतं, असं मला वाटायचं

गोव्याच्या आयर्नमन ७०.३ या ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीला, आता आठ आठवडे राहिलेत. मिरामारला समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज ७०.३ येते, म्हणून ते नाव. त्याच्या आधी, तीन आठवड्यांवर, एक ऑलिंपिक अंतराची शर्यत आहे : १५०० मीटर, ४० आणि १० किलोमीटर. ती माझी रंगीत तालीम.

मी ४६ वर्षांचा, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फर्स्ट शिफ्टला असतो. नाव घातलं तेव्हा माझा हिशेब सरळ होता. दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, सायकल शाळेपासून चालवतोय, आणि पोहायचं तर आम्हाला कोण शिकवणार? सातव्या वर्षी आण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून दिलं होतं. आठवड्यात डबा सुटला. पुढची दहा वर्षं काठावरून मुटके मारण्यात गेली.

जानेवारीत पोहण्याच्या तलावावर गेलो. कोच चोवीस वर्षांचा पोरगा, मला काका म्हणतो. "काका, चार लेंथ मारून दाखवा." मारल्या. मान वर, हात पाण्यावर थपाथप, प्रत्येक भिंतीला थांबून. १०० मीटरला ३ मिनिटं ५० सेकंद. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही बुडणार नाही. पण ह्याला पोहणं म्हणत नाहीत."

राग आला. पण आकडे त्याच्याच बाजूचे होते. पोहण्याला १ तास १० मिनिटांची मुदत असते. १९०० मीटरला ती पुरवायची तर १०० मीटर ३ मिनिटं ४० सेकंदांत पाहिजेत, तेही न थांबता, १९ वेळा. २५ मीटरच्या तलावात ७६ लेंथ होतात.

पुढचे दोन आठवडे त्यानं मला पोहू दिलंच नाही. भिंतीला धरून तोंड पाण्यात घालायचं, नाकातून बुडबुडे सोडायचे, मान एका बाजूला वळवून घोटभर हवा घ्यायची, परत तोंड आत. शेजारी सहा-सात वर्षांच्या पोरांची बॅच हेच करत असायची. त्यांच्यात मी एकटाच टकलू. विहिरीतलं पोहणं म्हणजे मान वर, आणि मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय लोंबकळतात. मग सगळी ताकद स्वतःला ओढण्यात संपते. शिवाय मी श्वास कोंडून धरायचो. कोंडलेली हवा बाहेर सोडली नाही तर नवीन आत जायला जागाच नसते, आणि माणसाला वाटतं आपल्याला दम नाही. चाळीस वर्षांची सवय मोडायला मला अडीच महिने लागले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ७६ लेंथ पुऱ्या झाल्या, ६४ मिनिटांत. घरी येऊन चार अंडी आणि सहा भाकऱ्या खाल्ल्या.

मग राजाराम तलाव. सकाळी सहाला पाचजण उतरलो, सोबत एक कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. पाणी हिरवट काळं, खाली टाइल्सची रेघ नाही, धरायला भिंत नाही. शंभरेक मीटर गेलो असेन, पायाला काहीतरी लागलं. शेवाळ असेल. पण छातीत जे धडधडायला लागलं, ते थांबेना. मान वर, हात थपाथप, सगळी विहीर परत आली. कयाकवाल्याला हाक मारली आणि कडेला धरून लोंबकळलो. शर्यतीतही असं धरून दम खायला परवानगी असते, फक्त पुढं सरकायचं नाही. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, मला वाटलं संपलं आपलं. कयाकवर बसलेला शांतपणे म्हणाला, "काका, बुडबुडे." दहा वेळा नुसते बुडबुडे सोडले. मग पुढं गेलो.

त्या दिवशी आणखी एक कळलं. सरळ पोहतोय असं मला वाटत होतं, घड्याळात बघितलं तर दीड किलोमीटरचं माझं १.८ झालेलं. आता दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढून पलीकडच्या काठावरचं एक झाड बघतो. समुद्रात झाड नसतं, तिथं बोया बघायचा.

समुद्र मे महिन्यात बघून आलो, रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर. खाऱ्या पाण्यात अंग आपोआप वर राहतं, हे खरं. पण श्वास घ्यायला तोंड वळवावं आणि नेमकी तेव्हाच लाट यावी. अर्ध्या तासात जीभ चामड्यासारखी झाली आणि गळ्याजवळ कपडा घासून सालं निघाली. आता व्हॅसलीन लावल्याशिवाय उतरत नाही. परदेशातल्या व्हिडिओंत रबरी सूट घालून लोक बुचासारखे तरंगतात, ते बघून हुरळू नये. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की तो सूट घालून नंबरात येता येत नाही, आणि आपला समुद्र त्याहून गरम.

सायकलीचं फार सांगण्यासारखं नाही. उन्हाळ्यात वाघबीळचा चढ आणि रविवारी गगनबावडा रस्ता, जाऊन-येऊन ११०. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की तो बंद. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की सायकल काढायचं नावच नको. मग पॅसेजमध्ये ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचा स्टँड, लावला. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या, "घरात गिरण घातलीसा व्हय?" पहाटेची वेळ संध्याकाळी सातवर नेली, काकूंची मालिका चालू असते तेव्हा.

सायकलीवरून उतरून लगेच धावणं, ज्याला ब्रिक म्हणतात, ते मात्र ज्यानं केलं नाही त्यानं गोव्याला जाऊ नये. पहिले दोन किलोमीटर पाय दुसऱ्या कुणाचे तरी असतात.

खाण्या-पिण्याबाबत मला फाउंड्रीचा उपयोग झाला. धावण्याआधी आणि तासाभरानंतर वजन केलं, पाणी न पिता : १.३ किलो कमी. म्हणजे तासाला जवळजवळ सव्वा लिटर घाम. एवढा घाम गेल्यावर नुसतं पाणी पीत राहिलं तर उलट मळमळतं. आमच्या फर्नेसवरची माणसं वर्षानुवर्षं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पितात, त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. पाकिटातली महागडी एनर्जी जेल मी आणून बघितली. दुसऱ्या पाकिटाला पोट उलटलं, तेही बरोबर असळजच्या चौकात. आता सायकलीवर खजूर आणि राजगिऱ्याची वडी, बाटलीत तेच लिंबूपाणी. धावताना चघळवत नाही, तिथं अर्धं अर्धं जेल चालतं.

आजचा हिशेब असा : पोहणं ५८ मिनिटं, सायकल पावणेचार तास, धावणं अडीच, कपडे-बुटांच्या अदलाबदलीला पंधरा मिनिटं. साडेसात तास. मुदत साडेआठची. मधला एक तास उन्हासाठी राखलाय.

गणपतीला गावी गेलो होतो. विहीर काठोकाठ भरलेली. पुतण्याच्या पाठीला आता डबा नसतो, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन असतो. मी उतरलो आणि कडेकडेनं गोल पोहायला लागलो, तोंड पाण्यात, तीन हातांनी एक श्वास. चार फेऱ्या झाल्यावर आण्णा काठावरून ओरडले, "आरं, काय पडलंय खाली? मघापासनं काय हुडकतोयस?"

सांगायला तोंड उघडलं आणि घोटभर पाणी आत गेलं. आण्णांनी कॅन सोडून दिला माझ्याकडं.

येत्या रविवारी राजाराम तलावात दोन किलोमीटर आहेत. साडेपाचला निघायचंय.