आमची वाटचाल : गुळातला ‘ळ’

कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं आमचं दुकान आबांनी १९८४ साली थाटलं. पाटीवर नुसतंच ‘पेंटर’. अक्षरं एवढी मोठी काढली, की नावाला जागाच उरली नाही. तालमींचे फलक, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती अशी कामं यायची. भांडवल म्हणजे ऑइल पेंट, टर्पेंटाइन, खडूची पूड लावलेला दोरा आणि हाताला टेकू द्यायला एक काठी.

२००५ मध्ये मी कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन घेतलं. आबा काही बोलले नाहीत. ब्रश धुतले, तेलाचं बोट फिरवलं आणि डब्यात ठेवून दिले. पुढची चौदा वर्षं मी हातानं एक अक्षर काढलं नाही. कोरल ड्रॉ उघडायचं, श्रीलिपीतला ठरलेला फॉन्ट टाकायचा, पिवळी किनार, लाल सावली, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. धंदा बरा होता. म्हणजे हप्ते वेळेवर जात होते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. मशीन आठवडाभर पाण्यात. विमा नव्हता, ती चूक माझीच. गाळ उपसताना शेजारच्या सायकल दुकानाची जुनी लाकडी पाटी हाताला लागली. आबांनी लिहिलेली. पाइपानं पाणी मारलं, अक्षरं जशीच्या तशी.

गल्लीतल्या सगळ्यांनाच पाट्या हव्या होत्या आणि माझ्याकडं मशीन नव्हतं, म्हणून ब्रश काढला. हिंमत-बिंमत काही नव्हती. पहिल्या शटरवर शिरोरेखा ओढली ती पन्हाळ्याच्या घाटासारखी आली. स्क्रीनवर चुकलं तर कंट्रोल झेड असतं, इथं मागं दुकानाचा मालक उभा. आबा खुर्चीतनं म्हणाले, “अरं, ब्रशच्या टोकाकडं काय बघतोयस? रेघ जिथं न्यायचीय तिथं बघ.” दुसरी रेघ सरळ आली असं नाही. सहाव्या शटरला आली.

रात्री बोरू कापून गिरवायला बसायचो. देवनागरीसाठी बोरूचं टोक इंग्रजीच्या उलट तिरकं कापतात, म्हणून आपल्या अक्षरात जाड-बारीक वेगळ्या ठिकाणी पडतं. हे मला चाळिशीत कळलं! फॉन्टमध्ये सगळं आयतं मिळत होतं, कशाला विचार करतोय.

मग मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्यांचा बोर्ड आला. त्यावर ‘गूळ’ तीन फूट उंच हवं होतं. ‘गू’ जमला, ‘ळ’ काही बसेना. अकरा कागद फाडले. शेवटी उठून करवीर तालुक्यातल्या ओळखीच्या गुऱ्हाळावर दोन दिवस जाऊन बसलो. काहिलीतला रस आटत आला, की गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. झाली, की काहिल वाफ्यात, म्हणजे पसरट हौदात, रिकामी करतात आणि फावड्यानं घोटतात. त्या फावड्यावरून सुटणारी दाट धार खाली पडताना स्वतःवरच वळते. एक वेटोळं, लगेच त्याला लागून दुसरं. ‘ळ’ तिथंच होता. खिशातल्या पावतीच्या पाठीवर काढून घेतला. ती चिकट पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे.

बोर्ड चढवायच्या आदल्या रात्री मात्र पाय लटपटले. साधाच ‘ळ’ काढतो म्हटलं, तर आबा भडकले. “नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला, आणि तू एका अक्षराला भितोस व्हय रं?”

अडत्यांनी मान वाकडी करून पाहिलं. “ह्यो ळ लिवलाय का सांडलाय?”

मी कसंबसं म्हटलं, “दिवाळी पाडव्याच्या गूळ सौद्यापर्यंत राहू द्या. पटला नाही तर फुकट बदलून देतो.” हे बोलायला शटरवरच्या रेघेपेक्षा जास्त जोर लागला.

आज दुकानात आम्ही तिघं आहोत. फ्लेक्सची कामं अजून घेतो, बाहेरून छापून आणतो. खरं सांगायचं तर पगार त्यातूनच निघतात. हातानं लिहिलेल्या पाटीचा दर सांगताना अजूनही माझा आवाज जरा खाली येतो.

अडते त्याला अजून ‘सांडलेला ळ’च म्हणतात. उन्हानं त्याच्या खालच्या वेटोळ्याचा रंग उडालाय. यंदाच्या पाडव्याआधी शिडी घेऊन जायचंय.