लोणारच्या काळ्या चिखलात

लोणारला येणारे बरेचसे पर्यटक काठावरून सरोवर बघतात, फोटो काढतात, गावातलं दैत्यसूदन मंदिर करतात आणि शेगावच्या वाटेला लागतात. आम्ही मात्र खाली उतरण्यासाठीच गेलो होतो. माझी भाची पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. वनखात्याची परवानगी हातात आली तसा तिचा फोन आला, "मावशी, चिखल गोळा करायला येतेस का?" मी उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवलंय. असं आमंत्रण मी सोडणं शक्यच नव्हतं.

संभाजीनगरहून जालना, मग सिंदखेड राजा. तिथे जिजाऊंच्या जन्मस्थळी पाच मिनिटं थांबून हात जोडले, पुढे बीबी आणि मग लोणार. उन्हाळा नुकताच लागत होता. हरभरा काढून झालेली रानं, रस्त्याकडेला उसाच्या रसाची गुऱ्हाळं. जीपच्या मागच्या सीटवर आमच्यापेक्षा जास्त जागा थर्माकोलच्या खोक्यांनी आणि निर्जंतुक बाटल्यांनी अडवली होती.

काठावर पोचल्यावर मीही क्षणभर पर्यटकच झाले. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, सगळीकडून उतरता, तळाशी हिरवट पाणी. उल्का बेसाल्टवर आदळून झालेलं इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर क्वचितच सापडतं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण लवणासुराला इथे विष्णूने मारल्याची कथा गावाला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. वयाबद्दल पूर्वी सुमारे ५२,००० वर्षं हा अंदाज दिला जाई. २०११ साली आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात आकडा थेट ५,७०,००० वर्षांच्या आसपास गेला.

धारेपासून खाली उतरायला लागलो. गोमुखातून पडणारं हे पाणी गोड, बारमाही. भाविक अंघोळ करत होते. भाचीने पहिली बाटली इथेच भरली, भिंतीवरचं थोडं शेवाळही खरवडून घेतलं. पुढे उतारावर सागाचा नि सीताफळाचा पाचोळा, माकडं, एक मोर. आणि मग झाडी विरळ होता होता तो वास आला. कुजलेल्या अंड्यांचा.

"वास येते म्हणून माणसं अर्ध्यातूनच वापस जातात, ताई," आमच्याबरोबरचे गाइड म्हणाले. "घाण आहे म्हणतात."

तो वास घाणीचा नाही, हे मला इथे ठासून सांगायचंय. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. हे जिवाणू पृथ्वीवर प्राणवायू भरपूर होण्याच्या आधीपासून हेच करत आलेत. त्या वासाकडे नाक मुरडणाऱ्याला लोणारचा सगळ्यात जुना रहिवासी भेटून गेलेला असतो.

काठावर पांढरट खाराचा पापुद्रा होता. एके काळी हा खार इथून काढून विकला जायचा. भाचीने पाणी आम्ल आहे की अल्क ते मोजणाऱ्या पीएच मीटरचं टोक पाण्यात बुडवलं, आकडा दहाच्या जवळ जाऊन थांबला. सात म्हणजे मधलं, त्यावर अल्क. धारेच्या पाण्यापासून आम्ही फार तर थोडं चाललो होतो. इतक्याशा अंतरात पाणी एवढं का बदलावं? या खड्ड्यात चहूबाजूंनी पाणी येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. बेसाल्टमधून विरघळून आलेले क्षार उन्हाने आटत आटत घट्ट होतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट होऊन खाली बसतात, सोडियम पाण्यातच राहतो. म्हणून हे पाणी समुद्रासारखं नुसतं खारट नाही, सोड्याचं आहे.

अशा पाण्यात साधा जिवाणू टिकत नाही. इथल्या जिवाणूंना पेशीच्या आतली अल्कता बाहेरच्यापेक्षा बरीच कमी राखावी लागते. त्यासाठी त्यांच्या पेशीभित्तीलगतच्या पटलात असे पंप असतात, जे सोडियम बाहेर टाकतात आणि प्रोटॉन आत घेतात. क्षणभरही हे थांबलं तर पेशी मरते.

मग चिखल. भाचीने गुडघाभर पाण्यात उभं राहून प्लॅस्टिकची पारदर्शक नळी सावकाश तळात दाबली, वर बूच लावलं आणि उचलली. नळीत वर बोटभर हिरवा थर, त्याखाली करडा, आणि मग खालपर्यंत डांबरासारखा काळा. तिने एकेका थराचा चिखल चमच्याने वेगळ्या कुपीत घेतला, कुपीवर खोली लिहिली, लगेच बर्फात. बोलणं बंद. तिचा चेहरा बघून मला माझ्या आईचा देवपूजेतला चेहरा आठवला.

चिखलात नेमकं काय शोधतेस, हे विचारल्यावर मात्र ती सुटली. वरच्या हिरव्या थरात स्पिरुलिना हे नीलहरित शैवाल माजलेलं असतं. खारामुळे पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन ती आक्रसू नये म्हणून असे जीव पेशीत काही संरक्षक द्रव्यं साठवतात. ते मेले की त्या द्रव्यांचं विघटन होऊन मिथाइल अमाइन तयार होतात. खोल चिखलातले मिथेन तयार करणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, ते खातात. हायड्रोजन आणि अॅसिटेट यांच्यासाठी त्यांना सल्फेटवाल्या जिवाणूंशी भांडावं लागतं आणि त्यात ते बहुधा हरतात. मिथाइल अमाइनवर मात्र त्यांचाच हक्क. तो मिथेन वर यायला लागला की वाटेत मिथेन खाणारे जिवाणू टपलेले. पुष्कळसा मिथेन हवेत जाण्याआधीच संपतो. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू, त्यामुळे या खाणाऱ्यांचं मोल मोठं.

पण चिखलात हजारो जाती. त्यांतलं मिथेन खाणारं कोण, हे ओळखायचं कसं? इंग्लंडचं वॉरिक विद्यापीठ आणि पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेलं काम तिने मला काठावरच्या दगडावर बसून समजावलं. लोणारच्या चिखलाला त्यांनी जड कार्बनचा, म्हणजे कार्बन-१३ चा मिथेन खाऊ घातला. ज्यांनी तो खाल्ला त्यांचा डीएनए जड झाला. सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवल्यावर जड डीएनए वेगळा झाला आणि त्यावरून खाणाऱ्यांची नावं कळली. त्यात मिथायलोमायक्रोबियम नावाचा जिवाणू होता. जिवाणू प्लेटवर वाढवायची गरजच पडली नाही. इतकी देखणी युक्ती मी वर्गात शिकवली असती तर मुलांनी तास संपू दिला नसता.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया. पाणी आटून क्षार वाढले, हे खारप्रिय जीव फोफावले, त्यांचं गुलाबी रंगद्रव्य पाण्यात दिसलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. धारेच्या शेवाळाच्या थेंबात जत्रा होती: डोक्यावरची दोन चक्रं फिरवत अन्न ओढणारा रोटिफर, होडीसारखे डायटम, एक बारीक सूत्रकृमी वळवळत आरपार गेला. सरोवराच्या थेंबात जाती अगदी थोड्या, पण दाटी किती! स्पिरुलिनाच्या हिरव्या स्प्रिंगांनी सगळं दृश्य भरलेलं आणि मधल्या फटींत थरथरणारे ठिपके. जगातली सोड्याची सरोवरं सर्वाधिक उत्पादक जलाशयांत मोजली जातात ते वाचून माहीत होतं. त्या रात्री ते डोळ्यांनी पाहिलं.

या ठिपक्यांतले काही विज्ञानाला इथेच पहिल्यांदा भेटले. बॅसिलस लोणारेन्सिस, सेसेम्बिया लोणारेन्सिस ही नावं जगभरच्या सूक्ष्मजीवांच्या याद्यांमध्ये आहेत. लोणारच्या बसस्टँडवर तुम्हाला त्यांच्याबद्दल एक ओळ सापडणार नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. विवराच्या फलकाशेजारी सूक्ष्मजीवांचा एक फलक लावायला किती खर्च येतो?

काळजीची गोष्ट निराळीच आहे. आपल्याकडे तळं वाचवायचं म्हणजे त्यात पाणी आणायचं, ही समजूत पक्की. इथे उलटं आहे. गोडं पाणी आणि गावचं सांडपाणी जास्त मिसळलं की क्षार आणि अल्कता उतरते, आणि सोड्यात जगणाऱ्यांची जागा कुठेही जगू शकणारे सामान्य जिवाणू घेतात. सरोवर भरलेलं दिसेल, फक्त ते लोणार नसेल. सांडपाण्याचा बंदोबस्त आधी, बागा आणि बोटिंगच्या गप्पा नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर उतरा, स्थानिक गाइड घ्या आणि कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर दाखवायला सांगा. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. पाण्याजवळ साबण, शांपू, निर्माल्य काहीही नेऊ नका. आमचे नमुने आता पुण्यात तीन वाटांनी गेलेत: काही डीएनएसाठी गोठवले, काहींची रासायनिक तपासणी चालू आहे, आणि काही सोड्याच्या पाण्याने भरलेल्या बंद बाटल्यांत मिथेनवर ठेवलेत. त्यांतलं काही उगवायला आठवडे लागतात, असं भाची म्हणते.