तुम्ही विचारलंत म्हणून: पाड्यावरून सेमिनरीत

नाशिकच्या शरणपूर रोडला चर्चमध्ये उपासनेनंतर कुणीतरी विचारतंच, "भाऊ, तुम्ही पेठ-सुरगाण्याकडे सुवार्तेला फिरायचात. ते सोडून सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, बायबलच्या मूळ भाषा ग्रीक-हिब्रू शिकवायला का गेलात?"

मला सेमिनरीत धाडलं ते पाड्यावरच्याच माणसांनी. एकदा नागली झोडपणं आटोपून माणसं ओट्यावर बसली होती. वाचन ऐकून एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "येशूनं मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकललं, ते हा योहान सुरवातीलाच सांगतो. बाकीचे तिघं शेवटच्या आठवड्यात सांगतात. मग घडलं कधी?" बाबांना अक्षरओळख नव्हती. चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, त्यांनी नुसती ऐकली होती, तरी नेमकं बोट ठेवलं. अशा माणसाला "विश्वास ठेवा" एवढंच सांगून उठणं मला अपमान वाटतो, त्यांचा आणि शास्त्राचाही. कोणता लेखक कुणासाठी लिहीत होता, प्रसंगांची मांडणी त्यानं तशी का केली, हे शिकल्याशिवाय उत्तर देता येत नाही. म्हणून शिकायला गेलो, आणि पुढे शिकवायला राहिलो.

मिशनरी विल्यम कॅरी यांचं उदाहरण मी नेहमी देतो. इंग्लंडात चांभारकाम करता करता ते भाषा शिकले. १७९३ मध्ये बंगालात आले, निळीच्या कारखान्यात नोकरी केली आणि १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. महाराष्ट्रात कधी पाऊल न ठेवता, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश. १८१२ च्या आगीत त्यांच्या छापखान्यातली हस्तलिखितं जळाली, तरी काम पुन्हा उभं केलं. १८१८ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी बंगालातल्या श्रीरामपूरचं (सेरामपूर) कॉलेज काढलं. आज देशातल्या कित्येक सेमिनऱ्यांची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी तिथूनच मिळते. यात मिशनरी कुठे संपला आणि पंडित कुठे सुरू झाला, मला तरी दिसत नाही.

पण कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले की मी थबकतो. ते जवळजवळ आपले नाशिककरच. गणेशशास्त्री लेल्यांकडे ते इथेच शिकले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर. नगरच्या सेमिनरीत त्यांनी शिकवलं आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला. म्हणजे माझ्या नेमकी उलट वाट. पगार, क्वार्टर आणि ग्रंथालय यांत माणूस सुखावतो, ही भीती खरी आहे. मलाही ती वाटते.

म्हणून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन पेठकडे जातो. तिथे त्यांनी उपदेश करायचा नाही. लोकांचे प्रश्न ऐकायचे आणि जसेच्या तसे वहीत उतरवायचे. शुभवर्तमानांचा माझा वर्ग जूनमध्ये त्या वह्यांपासून सुरू होतो.