खुर्चीच्या पाठीत

सोफ्याच्या पोटातून काय काय निघतं ते लोकांना कळलं, तर घरोघरी सोफे उलटे करून झटकले जातील. नाणी तर निघतातच. शिवाय केसांच्या पिना, कानातल्याची फिरकी, पत्त्यांतला बेपत्ता एक्का, शेंगांची टरफलं, रिमोटचं झाकण. एकदा दातांची कवळी निघाली आणि ती कोणाची यावरून त्या घरात चांगलंच वाजलं. वडिलांनी सोफादुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हापासूनची आमची पद्धत अशी, की जे निघेल ते पाकिटात घालायचं, वर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं आणि सोफा पोचवताना हातात द्यायचं. दोन रुपयांचं नाणं असलं तरी. वडिलांना यात काही थोर वाटत नसे. 'दोन रुपये परत दिले की गिऱ्हाईक दोनशेसाठी हुज्जत घालत नाही,' एवढाच त्यांचा हिशेब.

दुकान बडोद्यात, वाडी-रंगमहालाकडे. २०२४ च्या ऑगस्टात, जन्माष्टमीच्या सुमाराला जो पूर आला तो बडोदेकरांना सांगायला नको. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. अकोटा, मुजमहुडा, समा, सगळीकडे तळमजल्यांत पाणी. मगरी लोकांच्या अंगणात. पाणी ओसरलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्या, फ्रीज आणि सोफ्यांचे ढीग लागले होते. लोक मला म्हणत, 'तुझी तर चांदी आहे.' कामं आली, खोटं कशाला बोलू. पण माझं फोमचं गोदाम मुजमहुड्याला होतं. गटाराचं पाणी प्यायलेला फोम कितीही पिळा, वाळवा, वास जात नाही. माल उधारीवर उचललेला. फोमवाला रोज सकाळी फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी करायचा.

पुरानंतर भंगारचे टेम्पोवाले जुन्या सोफ्यांचे सांगाडे आणून देत. प्लायवुडचे असले तर मी हातही लावत नसे, पाण्याने त्याचे पापुद्रे सुटतात. सागवानाचं तसं नाही. सावलीत सावकाश वाळवलं की पुन्हा उभं राहतं; घाईने उन्हात टाकलं तर मात्र चिरतं. असाच एक तीन माणसांचा सोफा आणि दोन खुर्च्या मी अठराशे रुपयांना घेतल्या आणि मागच्या पडवीत ठेवून दिल्या. दसरा झाल्यावर, दिवाळीची कामं अंगावर आली तेव्हा म्हटलं, आता हा सेट सोलू या.

सोलायचं काम उस्तादांचं. ते वडिलांच्या वेळेपासून आहेत, माझ्यापेक्षा त्यांना दुकान जास्त माहीत. दुपारी त्यांनी मला हाक मारली. एका खुर्चीची पाठ त्यांनी पालथी धरली होती. आमच्या धंद्यात पाठ बंद करताना कापड आत मुडपून चुका मारतात, आणि शेवटची कड वाकड्या सुईने अशी शिवतात की टाका दिसत नाही. इथे खालच्या कडेला चार बोटं रुंद जागा साध्या दोऱ्याने, दोरा दुहेरी घेऊन शिवली होती. धावदोरा, एकसारखा, बारीक. ब्लाउजला घालतात तसा.

'ये किसी घरवाली का हाथ है,' उस्ताद म्हणाले.

आत काथ्यात दुधाची पिशवी होती. धुऊन वाळवलेली, तोंडाला रबर, तिच्या आत आणखी एक तशीच पिशवी. बाहेरच्या पिशवीवर पुराचा चिखल सुकला होता, आत फक्त कडा ओलसर. पाचशेच्या ११८ नोटा. त्यांच्या खाली दोन हजारांच्या ३१. आणि तळाला नोटबंदीत मेलेल्या, हजाराच्या १४ आणि जुन्या पाचशेच्या २२.

फटीतून घसरलेली वस्तू बैठकीखालच्या गोणपाटावर जाऊन पडते, पाठीत चढत नाही. म्हणजे हे पडलेले पैसे नव्हते. कोणीतरी ठेवले होते, आणि थरांवरून बघता वर्षानुवर्षं ठेवत आलं होतं.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी पोराला चहा आणायला पाठवलं. चहा नुकताच झाला होता. मग शटर अर्धं ओढलं. मग मोजले. जिवंत नोटा एक लाख एकवीस हजारांच्या. आणि मोजता मोजताच डोक्यात कोणीतरी बोलायला लागलं होतं. मला वाटायचं, मोह म्हणजे लाळ गळणं वगैरे. तसं काही झालं नाही. मोह काळा कोट घालून आला आणि अगदी सभ्यपणे मुद्दे मांडू लागला. सांगाडा तू रोख पैसे मोजून घेतलास. ज्यांचा होता त्यांनी तो रस्त्यावर टाकला. टाकलेल्या वस्तूला मालक कसला? ज्याला तळाच्या नोटा मरेपर्यंत आठवण झाली नाही त्याला वरच्यांची काय किंमत? तुझा फोम वाहून गेला, तेव्हा तुला कोण विचारायला आलं होतं? आणि उस्तादांचा बोनस? तू स्वतःसाठी थोडाच घेतोयस? हा शेवटचा मुद्दा फार चांगला होता. अजूनही मला त्याचं उत्तर सुचत नाही.

उस्ताद काथ्या झटकत बसले होते. जरा वेळाने म्हणाले, 'दोनों ने देख लिया सेठ. अकेले में किसी को मिलता तो बात और थी.'

'किसी को' म्हणजे त्यांना की मला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी एका वकील मित्राला फोन लावला. नुसतं विचारायचं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. त्याला भलताच आनंद झाला. भारतीय न्याय संहिता १ जुलैपासून लागू झालेली, तो नवे आकडे पाठ करत होता. 'जुन्या दंडसंहितेचं कलम ४०३, आता ३१४,' तो म्हणाला. 'उदाहरणं १८६० पासून तीच आहेत. रस्त्यावर रुपया सापडला, कोणाचा ते माहीत नाही, उचललास, गुन्हा नाही. पत्र सापडलं, आत नोट आहे, पत्त्यावरून मालक कळतो आणि तू नोट खिशात घातलीस, गुन्हा. अंगठी सापडली आणि मालक शोधायची खटपट न करता विकलीस, तोही गुन्हा. पूर्वी नुसत्या दंडावर सुटायचास. आता कमीत कमी सहा महिने.'

'पण सांगाडा मी विकत घेतलाय.'

'सांगाडा घेतलास. टेम्पोवाल्याने तुला नोटा विकल्या का? त्याला ठाऊक तरी होत्या का? ज्यांनी सोफा टाकला त्यांनी सोफा टाकला. आता तू सांग, तुझी पिशवी रस्त्यावरचा रुपया आहे की पत्र?'

मी टाक्याचं सांगितलं.

'मग पत्ता लिहिलाय की त्यावर,' तो म्हणाला. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं ७१ वं आणि १६८ वं कलम ऐकवलं. सापडलेली वस्तू जवळ ठेवली की ती दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळायची जबाबदारी आपली. मालक सापडला तर शोधायला झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते, पण त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. 'रिक्षाभाडं मागून बघ,' म्हणाला.

फोन ठेवता ठेवता त्याला मेलेल्या नोटा आठवल्या. २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्या दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. दंड दहा हजार किंवा रकमेच्या पाचपट, जे जास्त असेल तेवढ्यापर्यंत. माझ्याकडे पंचवीस हजारांच्या होत्या. पाचपट म्हणजे सव्वा लाख. जिवंत पैसे एक लाख एकवीस हजार. मोहाच्या वकिलाने हा हिशेब मांडला नव्हता.

आता मालक शोधायचा कसा? 'कोणाचे पैसे हरवलेत का?' असं सोसायटीत विचारलं तर गेटपर्यंत रांग लागेल. टेम्पोवाल्याने अकोट्याची एक सोसायटी सांगितली. मी पाठीच्या कापडाचा तुकडा कापून घेतला, मेंदी रंगावर कोयऱ्या, आणि घरोघरी गेलो. पुरात टाकलेलं जुनं सागवान आहे, मालक मिळाला तर त्यालाच बनवून द्यावं म्हणतो, एवढंच सांगायचं. पैशांचं नाव नाही. तरी एक गृहस्थ तुकडा हातात घेण्याआधीच म्हणाले, 'हा हा, अमारुं ज छे.' खुर्च्या किती होत्या विचारलं तर म्हणाले, चार.

मग एक मराठी पाटी दिसली. भिंतीवर कमरेच्या वरपर्यंत पुराची रेघ अजून होती. सूनबाईंनी तुकडा बघताक्षणी ओळखला. 'अय्या, हे तर आपलंच! आई, बघा ना.'

आजी आतून आल्या. ऐंशीच्या आसपास, नऊवारी नाही, साधी पाचवारी, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी कापड हातात घेतलं, उलटं केलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, 'छे. आपलं नव्हे हे. आपलं जरा काळपट होतं.'

'अहो आई, मी रोज पुसत होते!'

'काळपट होतं,' आजी म्हणाल्या.

सून माझ्याकडे बघून हसली, वय झालंय अशा अर्थाचं. मी म्हटलं, 'असेल, असेल. एका खुर्चीची पाठ घरी शिवलेली आहे आजी. टाका इतका सुरेख, की उस्ताद म्हणाले, ज्यांचा हात आहे त्यांना विचारल्याशिवाय उसवायचा नाही.' उसवून झाला होता, ते सोडा.

आजींनी तुकडा परत दिला. 'दुकान कुठे म्हणालात?'

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. घरी भजनाला जाते सांगून आल्या होत्या. हातात टाळही होते. आल्या त्या थेट खुर्चीपाशी. मी विचारलं, 'आत काय होतं?' हे विचारायलाच हवं होतं, आणि त्यांनाही त्याचा राग आला नाही. 'वर पाचशेच्या,' त्या म्हणाल्या, 'मध्ये गुलाबी, खाली जुन्या.' आणि प्रत्येकीचा आकडा. एक नोट इकडची तिकडे नाही.

मी पिशवी समोर ठेवली. त्यांनी सगळ्या मोजल्या, मेलेल्या धरून. 'बरोबर आहेत,' म्हणाल्या. बस. खरं सांगतो, मला थोडं लागलं. एवढ्या झगड्यानंतर माणसाला निदान 'देव बरं करो' तरी ऐकायचं असतं.

पैसे फराळाच्या ऑर्डरींचे होते. चकल्या, मेतकूट, कडबोळी. गुडघे गेले तोवर करत होत्या. कपाटाची किल्ली मुलाकडे, स्वयंपाकघरातले डबे सुनेच्या हाताखाली. खुर्ची मात्र त्यांची, तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे. २०१६ च्या नोव्हेंबरात जुन्या नोटा बदलायच्या तर मुलाला सांगून रांगेत उभं राहावं लागलं असतं. पुढे बघू म्हणता म्हणता तारीख गेली. मग गुलाबी नोटा साठवल्या, तर २०२३ च्या मे महिन्यात त्याही परत मागवल्या. 'सरकार दर काही वर्षांनी माझ्या खुर्चीत हात घालतं,' आजी म्हणाल्या.

पुरात त्यांना वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं होतं. पाणी उतरल्यावर सोफा टेम्पोत चढवला तो त्यांनी वरच्या गॅलरीतून बघितला.

'मग ओरडला का नाहीत?'

'आणि काय सांगू?' त्या म्हणाल्या.

दोन हजारांच्या नोटा अजून चालतात, पण बदलून फक्त रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात मिळतात, हे मी समजावलं. पोस्टाने पाठवल्या तर पैसे खात्यात जमा होतात. पोस्ट त्यांना नको होतं, खात्याचा मेसेज मुलाच्या मोबाइलवर जातो. मग अहमदाबादचं ऑफिस. ओळखपत्र घेऊन जायचं, एका वेळी वीस हजार. 'भाची आहे अहमदाबादला,' आजी म्हणाल्या आणि तो विषय संपला. जुन्यांचा कायदा सांगितला तर त्यांनी विचारलं, 'दहा चालतात ना?' हजाराच्या दहा वेगळ्या काढल्या, उस्तादांकडून कापडाची मोठी कात्री मागून घेतली आणि उरलेल्या सव्वीस नोटा एकेक करून कापल्या. उस्तादांनी कपटे झाडून काथ्याच्या कचऱ्यात लोटले.

मग त्या खुर्चीकडे वळल्या. 'ही मला करून द्या. किती घ्याल?'

'साडेचार हजार.'

'अडतीसशे. फ्रेम तर माझीच आहे.'

'आजी, फ्रेमचे मी टेम्पोवाल्याला पैसे दिलेत.'

'त्याला विकायला मी सांगितलं होतं का?'

माझा वकील मित्र इथे असता तर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या. चार हजारांवर तुटलं. रिक्षाचं मीटर चालू होतं, त्या निघाल्या, आणि दारातून परत फिरल्या.

'घरी सांगा, तुम्हाला तो तुकडा पुन्हा दाखवायला यायचंय. मग मी ओळखीन,' मला म्हणाल्या. आणि उस्तादांना: 'पाठीला या खेपेला चेन लावा. खालच्या अंगाला, दिसणार नाही अशी.'

उस्तादांनी कानामागची पेन्सिल काढली. 'नौ इंच की, या बारा?'

'बारा,' आजी म्हणाल्या.